‘मिस्टरी हाउस’ खेळणार आहेस? मग आधी हे वाच

सुरुवातीलाच सांगतो, चित्रं बघून हसू नकोस. हा खुनाच्या रहस्याचा संगणकावरचा खेळ. १९८० साली ॲपल टू या संगणकावर रॉबर्टा विल्यम्सनं ती सत्तरेक रेखाचित्रं काढली आणि नवरा केननं प्रोग्राम लिहिला. माणसं काडीसारखी, रंगाचा पत्ता नाही. पण त्याआधीच्या असल्या, आज्ञा टाइप करून खेळायच्या खेळांत नुसता मजकूर असायचा. इथे चिठ्ठी, खोली, प्रेत सगळं डोळ्यांपुढे येतं, आणि घरातली सात माणसं एकेक करून मरू लागली की ती वेडीवाकडी चित्रंही भिववतात.

खरी डोकेदुखी आज्ञांची आहे. खेळाला एका वेळी दोनच शब्द कळतात, क्रियापद आणि नाम. उपाय सुचलेला असतो, पण खेळ बनवणाऱ्यांच्या मनातलं क्रियापद काही सापडत नाही. माझी अर्धी संध्याकाळ त्यातच गेली, आणि तो दोष मी चित्रांपेक्षा मोठा मानतो. चित्रात दिसणारी प्रत्येक वस्तू उचलता येईल असंही समजू नकोस.

कागदावर नकाशा काढ, मधूनमधून सेव्ह कर. थोड्या वेळानं अंधार पडतो, म्हणून काड्यापेटी आणि मेणबत्ती लवकर शोध. मात्र पेटती मेणबत्ती घेऊन हिंडताना गालिचा सांभाळ, अडखळलास तर आग लागते! पाणी हाताशी असू दे.