हिशेब फक्त टॅक्ससाठीच असतो का?
हिशेब सीएकडं द्यायचा, मॅनेजरला त्याचं काय काम, असं विचारलंय. मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात आहे, तिथलंच सांगतो. समजा कास्टिंगचा (ओतून केलेल्या पार्टचा) खर्च किलोला 95 रुपये पडतो आणि पार्टी 88 च देतोय म्हणली, तर लगेच नाही म्हणू नका, कारण स्क्रॅप, वाळू, वितळवायची लाईट असे 78 च त्या ऑर्डरमुळं वाढतात, बाकीचे 17 भाड्याचे न् पगाराचे, ते भट्टी बंद असली तरी जाणारच. भट्टी रिकामी असंल तर घ्या, 10 रुपये सुटतात, फुल असंल तर अजिबात नको!
कंट्रोलचं, म्हणजे काम ठरल्यासारखं चाललंय का बघायचं म्हणाल तर आमचं रिजेक्शन (खराब निघून बाद होणारा माल) 4 टक्के धरलेलं, आलं 7, फरक दिसला म्हणून शोधलं तर साच्याच्या वाळूत ओल जास्त, त्यानं कास्टिंगमध्ये ब्लोहोल (वायूची भोकं) पडत होते. प्लॅनिंगला हेच आकडे, पुढं स्क्रॅप किती उचलायचं वगैरे. फक्त रिपोर्ट आठवड्याला घ्या, महिन्यानं कळून काय उपयोग नाही.