वाचकांचे प्रश्न: पोराच्या आंगणात टर्की काऊन येतात?

प्रश्न : ताई, मुलगा बॉस्टनजवळ राहतो. मागच्या आंगणात त्याने पाखरांसाठी फीडर लटकवलाय. बर्फ पडला की तिथं टर्की पक्ष्यांचा घोळकाच येऊन उभा राहतो, मी व्हिडिओ कॉलवर बघत बसते. सून म्हणते आणखी दाणे टाकू, मुलगा नको म्हणतो. त्यांना थंडी नाही वाजत? रात्री जातात कुठं?
– एक काकू, झिंगाबाई टाकळी

उत्तर : काकू, टर्की फीडरसाठी येतच नाहीत हो, मोठा नर आठ-दहा किलोचा, तो त्या डब्यावर बसला तर डबाच खाली येईल. छोटी पाखरं दाणे निवडून खातात अन् नावडते खाली फेकतात, त्या सांडलेल्यावर यांचा डोळा. एरवी ओकच्या झाडाखाली पडलेली फळं पायानं पालापाचोळा उकरून खातात, पण फूटभर भुसभुशीत बर्फ साचला की उकरणं सोडा, चालणंही जड जातं, मग जिथं बर्फ कमी अन् खायला आयतं, तिथं येतात.

थंडीचं टेन्शन घेऊ नका. पिसं दाट असतात, फुगवून बसले की ऊब राहते, अन् हवा फारच खराब असली तर काही दिवस न खाताही झाडावर बसून काढतात. हो, झाडावरच! एवढं वजनदार पाखरू, पण अंधार पडायच्या आत उडून उंच फांदीवर जातं, आपल्या मोरासारखंच, दोघं एकाच कुळातले.

पुढच्या कॉलला छातीकडं बघा, नराला तिथं केसांच्या झुबक्यासारखी दाढी लोंबते. (काही माद्यांनाही असते, म्हणून लगेच पैज लावू नका.) हिवाळ्यात नरांचा घोळका बहुतेक वेगळा अन् माद्यांचा वेगळा फिरतो, अन् आधी कोण खाणार हे चोची मारून ठरलेलं असतं.

दाण्याचं म्हणाल तर मुलाचंच बरोबर आहे, सूनबाईंना राग आला तरी चालेल. आयतं मिळायला लागलं की त्यांची भीती जाते, मग चकचकीत कारमध्ये स्वतःलाच बघून चोची मारतात, वसंतात नर लेकरांच्या मागं लागतात. तिथलं वन्यजीव खातंही खाऊ घालू नका म्हणतं. अन् त्यांना गरज तरी कुठं आहे? बॉस्टन ज्या राज्यात आहे त्या मॅसॅच्युसेट्समधून ही जात १८५१ पर्यंत पार संपली होती, शिकार अन् जंगलतोड, दुसरं काय. १९७२-७३ मध्ये न्यूयॉर्कहून ३७ पक्षी आणून पश्चिमेच्या डोंगरात सोडले, जंगल परत वाढलेलं होतंच, आज २५ हजारांच्या वर आहेत. फीडरखाली रोज झाडू मारायला सांगा, फारच वाढल्या तर काही दिवस फीडर काढून ठेवा. जातायेता खिडकीतून दिसतीलच.

प्रश्न : गोरेवाड्याकडं आमच्या घरामागं मोर येतात. डिसेंबरात एकाचा पिसारा गायब! कोणी उपटला का? दाणे टाकू का?

उत्तर : उपटला नाही भाऊ, पावसाळा सरता सरता मोराची पिसं गळतात, उन्हाळ्याच्या आत नवीन येतात. दाणे नको, या दिवसांत शेतात तूर-हरभरा भरपूर असतो, अन् आंगणात बोलावलं की मोकाट कुत्री टपलेलीच. पेरणीतून उरलेलं औषध चोळलेलं बियाणं तर चुकूनही उघड्यावर टाकू नका, त्यानं मोर मरतात. एखादा खरंच लंगडत असेल, उडत नसेल, तर स्वतः पकडायला जाऊ नका, वनविभागाला कळवा, नागपुरात सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट सेंटरमध्ये, म्हणजे जखमी वन्यप्राण्यांच्या दवाखान्यात, उपचार होतात.