वाचक विचारतात : स्पिरिच्युअल गाणी आणि निषेध

प्रश्न : अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गुलामांच्या स्पिरिच्युअल, म्हणजे भक्तिपर, गाण्यांत पळून जायच्या वाटेचा नकाशा दडवलेला असे, हे कितपत खरं?

उत्तर : नकाशाची गोष्ट जपूनच घ्या. तिचं नेहमीचं उदाहरण म्हणजे ‘फॉलो द ड्रिंकिंग गोर्ड’ (‘पाणी प्यायच्या भोपळ्यामागे चला’; हा भोपळा म्हणजे उत्तर दाखवणारे सप्तर्षी). ते पहिल्यांदा छापलं गेलं १९२८ मध्ये, गुलामगिरी संपून साठेक वर्षं उलटल्यावर. आज सगळीकडे गातात ते रूप तर १९४७ चं. खुणेचं गाणं मात्र वेगळं : धोका आहे की वाट मोकळी, हे गुलामांना पळून जायला मदत करणारी हॅरिएट टबमन गाऊन कळवत असे, असं १८६९ च्या तिच्या चरित्रात आहे.

पण नकाशा नाही म्हणून निषेधही नव्हता, असं समजू नका. स्वतः गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लसने १८५५ च्या आत्मचरित्रात सरळ लिहिलंय, की गाण्यातला ‘कनान’, म्हणजे बायबलमधली देवाने कबूल केलेली भूमी, आमच्यासाठी गुलामी नसलेली उत्तरेकडची राज्यं. मालकांनाही वास लागत होताच. गृहयुद्धाच्या तोंडावर साउथ कॅरोलिनातल्या जॉर्जटाउनमध्ये ‘आम्ही लवकरच मुक्त होऊ’ अशा अर्थाचं भजन गायलं म्हणून गुलामांना तुरुंगात डांबलं. कृष्णवर्णीय पलटणीचा कर्नल हिगिन्सन याने हे १८६७ मध्ये नोंदवलं. पलटणीतल्या ढोल वाजवणाऱ्या पोराने त्याला कारणही सांगितलं : गाण्यातला ‘प्रभू’ म्हणजे यांकी (उत्तरेकडचे लोक), असं मालकांना वाटतं! पुराव्याला एवढं पुरे.

प्रश्न : १९६० च्या दशकात कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या मोर्च्यांना हीच गाणी कशी चालली? आमच्या गटाला बसवायची आहेत.

उत्तर : घडणच तशी आहे. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी ठरलेलं पालुपद उचलायचं. कागद लागत नाही. शब्द बदलला की गाणं नवं. १९६१ मध्ये मिसिसिपीच्या तुरुंगात फ्रीडम रायडर्सच्या (बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध प्रवास करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या) तोंडी एका भजनातल्या ‘जीझस’च्या जागी ‘फ्रीडम’ आलं. बाकी ओळ तशीच.

बसवताना चार आवाजांची मैफिली मांडणी घेऊ नका. नॅशव्हिलच्या फिस्क जुबिली सिंगर्सनी १८७१ पासून शाळेच्या निधीसाठी गाणी रंगमंचावर नेली, ते रूप सुंदरच, पण श्रोत्यांना गप्प बसवणारं. टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर द्या. पहिल्या-तिसऱ्यावर दिली की कवायतीचा ठेका होतो. आणि पुढच्या ओळीचा शब्द म्होरक्याने पालुपद संपायच्या आधीच टाकावा. उशीर झाला की गर्दी जुनीच ओळ पुन्हा म्हणते.