कोळ्याच्या मागची पांढरी गोळी : फवारणी करू नका

प्रश्न : भाताच्या खाचरात तपकिरी कोळी मागे पांढरी गोळी घेऊन पळताना दिसतात. काही पानांवर कापसासारखे पुंजकेही आहेत. किडीची अंडी समजून फवारणी करावी का?

उत्तर : नको. ती गोळी म्हणजे लांडगा कोळ्याच्या मादीचा अंडीकोश. हा कोळी शिकारीसाठी जाळे विणत नाही, भाताच्या चुडांमधून धावून तुडतुडे (भाताचा रस शोषणारे किडे) पकडतो. तुमच्या पिकाचा तो पक्का राखणदार आहे.

नर लहानसे जाळे विणून त्यावर वीर्य सोडतो, तोंडाजवळच्या दोन आखूड अवयवांत ते ओढून घेतो आणि मादीला देतो. मादी ते शरीरात साठवते, म्हणून एकाच मीलनावर पुढे अनेक कोश तयार होऊ शकतात. रेशमाच्या गादीवर अंडी घालून ती वरून धाग्यांनी बंद करते. जातीप्रमाणे एका कोशात काही डझन ते काहीशे अंडी असतात.

लांडगा कोळ्याची मादी हा कोश पोटाच्या टोकाला चिकटवून सगळीकडे नेते. पिल्ले आतच एकदा कात टाकतात. मग आई कोशाची शिवण उसवते आणि ती तिच्या पाठीवर चढून काही दिवस तिथेच राहतात. म्हणूनच कोशवाली मादी फवाऱ्यात मेली, तर बहुधा तिच्यामागची सगळी पिल्लेही जातात. कोळ्याला अळी किंवा कोषावस्था नसते. बाहेर पडणारे पिल्लू हा छोटा कोळीच असतो आणि आईच्या पाठीवरून उतरल्यावर शिकारीला लागतो.

पानांवरचे पुंजके मात्र तपासून पाहा. कोळ्याचा कोश चिवट, रेशमी असतो. फाडल्यावर आत सुटी, गोल अंडी दिसतात. बोटाला मेणचट पांढरी भुकटी लागली तर पिठ्या ढेकूण असू शकतो. पानामागे जमणारे बारीक लाल कोळी ही रस शोषणारी वेगळीच कीड आहे, तिचा इथे संबंध नाही.

चुडाच्या बुंध्याशी तुडतुडे मोजा. आर्थिक नुकसानीची पातळी (ज्या संख्येपुढे फवारणीचा खर्च परवडतो ती) ओलांडली असेल तरच शिफारशीतले औषध वापरा. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशके टाळा : त्यांनी कोळी मरतात आणि तुडतुडे पुन्हा उसळतात. बांधावरचे सगळे गवत एकाच वेळी कापू नका, कोळी तिथेच आसरा घेतात.