पंप बदलू की गाडीच बदलू?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. डिसेंबर २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक, उन्हात अर्धा पाऊण तास चालली की नाशिकमधे द्वारका नाहीतर मुंबई नाक्याच्या ट्रॅफिकमधे बंद पडते, वीस मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशी सुरू होते. गॅरेजवाला म्हणतो फ्युएल पंप, म्हणजे टाकीतलं पेट्रोल इंजिनापर्यंत ढकलणारा पंप, गेलाय, असेंब्ली (पंपाचा पूर्ण सेट) टाकून बघू, ९,५०० होतील. मिस्टर म्हणतात एवढे घालण्यापेक्षा नवीनच घेऊ, ८ लाख ऑन रोड, जुनीचे एक्स्चेंजमधे ५० हजार, दीड लाखाची एफडी मोडायची आणि उरलेल्या ६ लाखांचं लोन. वर शोरूमवाल्याने शनिवारच्या आत बुकिंग करा म्हणून लकडा लावलाय.

माझं मत असं की शनिवारी बुकिंग करू नका, आणि ते ९,५०० पण आत्ता देऊ नका. पंप गेलाय हे अजून कोणी सिद्धच केलेलं नाही. तुम्हीच लिहिलंय की गॅरेजला नेली तेव्हा गाडी थंड होती आणि मस्त चालली, मग त्याने बघितलं काय? टाकून बघू म्हणजे अंदाज त्याचा आणि पैसे तुमचे, आणि इलेक्ट्रिकचा पार्ट एकदा लावला की दुकानदार सहसा परत घेत नाही.

आता हे कसं शोधायचं ते जरा सविस्तर सांगतो, कारण सगळा हिशोब इथेच अडकलाय. तुमच्या गाडीत पंप पेट्रोलच्या टाकीत बुडालेला असतो. चावी ऑन केली, स्टार्टर न मारता, की मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक घूं असा आवाज येतो, तो पंप प्रेशर तयार करत असतो. पुढच्या वेळी बंद पडली की गाडी बाजूला घ्या, हॅजर्ड लाइट लावा, खिडक्या बंद, एसीचा ब्लोअर बंद आणि चावी ऑन करून ऐका. आवाज येत असेल तर पंप निदान फिरतोय, मग प्रेशर गेज लावून बघायचं, या गाड्यांना साधारण ३ बार लागतं, कमी भरलं तर फिल्टर चोक असेल किंवा पंप फिरूनही दमलाय, आणि प्रेशर ठीक असेल तर इग्निशन कॉइलकडे, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या पार्टकडे, वळायचं.

आवाज आलाच नाही तर लगेच पंपावर शिक्का मारू नका. फ्यूज बघा, मग रिले, म्हणजे पंपाचा करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच. बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा रिले आणि पंपाचा रिले एकाच नंबरचा असतो, तसा असेल तर अदलाबदल करून बघता येतं, फुकटात. रिलेच्या आतलं सोल्डर तडकलेलं असलं की तोही गरम झाल्यावर साथ सोडतो आणि गार झाल्यावर शहाण्यासारखा वागतो, आणि तो काही शे रुपयांत येतो. त्यानंतर ऑटो इलेक्ट्रिशियनला पंपाच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावायला सांगा, गाडी बंद पडलेली असतानाच, चावी ऑन केल्यावरच्या त्या दोनेक सेकंदांत किंवा स्टार्टर मारताना. १२ व्होल्टच्या आसपास व्होल्टेज येतंय, अर्थिंग चांगलं आहे आणि तरी पंप गप्प, तर पंप गेला, विषय संपला. करंटच येत नसेल तर नवीन असेंब्ली टाकूनही गाडी तशीच बंद पडणार. अजून एक, क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिनाचं फिरणं ओळखणारा सेन्सर, गरम होऊन मेला की ईसीएमला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला, इंजिन फिरतंय हेच कळत नाही, मग स्टार्टर मारला तरी तो पंपाला करंट देत नाही आणि बिचाऱ्या पंपाचं नाव होतं. म्हणून त्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर पण लावून घ्या. हे सगळं चांगल्या माणसाकडून करून घ्यायचे हजार रुपये गेले तरी ते वाया नाहीत. टाकी उघडायचं काम मात्र घरी पार्किंगमधे अजिबात करू नका, पेट्रोलची वाफ असते.

आणि पंपच निघाला तर विचारा की फक्त मोटर मिळते का, पुष्कळ गाड्यांत मिळते आणि पूर्ण असेंब्लीपेक्षा बरीच स्वस्त पडते. फिल्टर, जाळी आणि वरची रबर सील त्याचवेळी बदला, टाकी दोनदा उघडायची मजुरी कशाला द्या. जुना पंप मागून घ्या आणि पक्कं बिल घ्या. इन्शुरन्समधून हे मिळेल का असं विचारलंयत, नाही, नेहमीच्या पॉलिसीत असा बिघाड धरत नाहीत.

आता लोनचं बघू. ६ लाख, साडेनऊ टक्के, ५ वर्षं धरली तर हप्ता १२,६०० च्या आसपास येतो आणि दीड लाखाच्या वर नुसतं व्याज जातं. तुमचा दोघांचा हातात येणारा पगार ६२ हजार, घराचा हप्ता १९ हजार, म्हणजे निम्म्याहून जास्त पगार हप्त्यांतच, आणि ज्या दिवशी नवी गाडी दारात येईल त्या दिवशी एफडी शून्य. मला भीती गाडीची नाही, या शून्याची वाटते. रिपेअरचा सगळ्यात वाईट आकडा ९,५००, तो एका हप्त्याहून कमी आहे हो.

मिस्टरांचं एक म्हणणं बरोबर आहे, गाडी कायम ठेवण्यासारखी नाही. डिसेंबर २०२७ ला १५ वर्षं होतील, मग पेठ रोडला आरटीओत फिटनेस दाखवून नोंदणी पाच वर्षांनी वाढवायची, त्याची फी ५,००० आणि वर पर्यावरण कर. म्हणून मी म्हणेन दुरुस्त करा, दीड वर्ष वापरा आणि हप्ता भरायचाच होता असं समजून महिन्याला ८ हजार आरडीत टाका. दीड वर्षात १ लाख ४४ हजार आणि वरचं व्याज जमेल, तेवढंच लोन कमी आणि एफडी शाबूत. मधेच इंजिन किंवा गिअरबॉक्सचं मोठं काम निघालं, ३० हजारांच्या वर, तर मात्र हट्ट सोडा आणि विका. विकतानाही चालू गाडीचा भाव घ्या, ५० हजार हा बंद पडणाऱ्या गाडीचा भाव आहे, दोनतीन ठिकाणी विचारून बघा.

एक गोष्ट तुमच्याच हातातली. दर वेळी ३०० चं पेट्रोल टाकता आणि रिझर्व्हचा दिवा लागेपर्यंत चालवता असं लिहिलंयत. पंप थंड ठेवायचं काम टाकीतलं पेट्रोलच करतं, सारखं तळाशी गेलं की तो तापतो आणि लवकर जातो. आणि यात वाचत तर काही नाही, लिटर तेवढेच लागतात. पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नका.

दर रविवारी आईकडे कल्याणला जाता ना, गाडी पक्की होईपर्यंत कसारा घाटात ती नेऊ नका. घाटात मधेच बंद पडली तर मागून येणाऱ्या ट्रकला काय कळणार. तोवर नाशिक रोडवरून पंचवटी एक्स्प्रेस पकडा, कल्याणला थांबते. तपासणीत काय निघालं ते कळवा, व्होल्टेजचा आकडा लिहून, मग पुढचं बोलू. शोरूमवाल्याला सांगा दसऱ्याला बघू, तेव्हाही ऑफर असतेच.