दंतविभाग सुरू ठेवून दंतव्यंगोपचाराचे प्रशिक्षण

प्रश्न : आमच्या सार्वजनिक रुग्णालयाच्या दंतविभागात चार खुर्च्या असून दाढदुखी आणि सूज घेऊन येणाऱ्यांची रांग सकाळपासूनच लागते. आता विभागातील दोन दंतवैद्यांना आणि एका साहाय्यिकेला दंतव्यंगोपचाराचे, म्हणजे वेडेवाकडे दात तारा लावून सरळ करण्याचे प्रशिक्षण द्यायचे ठरले आहे. त्यासाठी बाहेरून एक ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे या उपचाराचे तज्ज्ञ, आठवड्यातून दोन दिवस येतील. त्या दिवशी बाह्यरुग्ण विभाग बंद ठेवावा, असे काहींचे म्हणणे आहे. ते योग्य होईल का?

उत्तर : नाही. दाढ ठणकत असलेल्या माणसाला दोन दिवसांनी या असे सांगता येत नाही; दातांच्या ठेवणीचा उपचार मात्र काही आठवडे पुढे गेल्याने सहसा बिघडत नाही. म्हणून एक खुर्ची प्रशिक्षणासाठी राखून ठेवावी, उरलेल्या तीन नेहमीच्या रुग्णांसाठी चालू ठेवाव्यात आणि दोघा दंतवैद्यांनी दिवस वाटून घेऊन एका वेळी एकानेच प्रशिक्षणाला बसावे. अपेक्षाही बेताच्या ठेवाव्यात. ऑर्थोडॉन्टिस्ट होण्यासाठी बहुतेक ठिकाणी पदवीनंतर सुमारे तीन वर्षे पूर्णवेळ शिकावे लागते. तुमचे दंतवैद्य तज्ज्ञ होणार नाहीत. तज्ज्ञाने आखून दिलेला उपचार त्यांच्या देखरेखीखाली पुढे नेण्याइतके ते तयार होतील, आणि तेवढे पुष्कळ आहे.

खुर्चीच्या वाटणीपेक्षा खरा प्रश्न पुढेच आहे. तारांचा उपचार साधारण दीड ते दोन वर्षे चालतो आणि रुग्णाला चार ते आठ आठवड्यांनी पुन्हा यावे लागते. दोघा प्रशिक्षणार्थींनी प्रत्येकी १५ रुग्ण घेतले आणि प्रत्येकाला सहा आठवड्यांनी बोलावले, तरी आठवड्याला ५ भेटी ठरलेल्याच, आणि त्यांत सुटलेले ब्रॅकेट (तार धरून ठेवण्यासाठी दातावर चिकटवलेले छोटे तुकडे), तुटलेल्या तारा धरलेल्या नाहीत. हा भार दोन वर्षे कमी होत नाही. त्यातच प्रशिक्षणार्थीची बदली झाली किंवा तज्ज्ञांचे येणे थांबले, तर तोंडात तारा असलेले ते रुग्ण कोणी पाहायचे? ब्रॅकेटभोवती स्वच्छता राहिली नाही की दाताच्या कवचावर पांढरे डाग पडून कीड लागते, आणि कोणी न पाहता जोर लावत राहिलेली तार दाताला भलत्या दिशेलाही नेते. अर्धवट सोडलेला उपचार हा न केलेल्या उपचारापेक्षा वाईट, असे आमचे स्पष्ट मत आहे. तेव्हा पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच, प्रशिक्षण संपल्यावर त्याचा उपचार कोण पूर्ण करणार हे कागदावर लिहून घ्यावे. ज्याच्या बाबतीत तसे लिहिता येत नाही तो रुग्ण सुरूच करू नये.

सुरुवातीचे शिक्षण रुग्णाविना होऊ शकते. टायपोडॉण्ट या सरावाच्या नमुन्यात मेणात बसवलेले दात असतात. त्यांवर ब्रॅकेट व तार बसवून नमुना गरम पाण्यात धरला की मेण मऊ होते आणि दात तारेच्या ओढीने सरकतात. कोणत्या वळणाने कोणता दात कुठे गेला, हे शिकणाऱ्याला तिथेच दिसते. हा सराव दुपारी रांग ओसरल्यावर करता येतो आणि त्यासाठी खुर्चीही अडत नाही. रुग्ण निवडताना मात्र, १९८९ साली ब्रिटनमध्ये मांडलेल्या, उपचाराची गरज पाच श्रेणींत मोजणाऱ्या निर्देशांकासारखी एखादी मोजपट्टी वापरावी, म्हणजे वशिल्याला जागा राहत नाही. वरच्या दोन श्रेणींतील रुग्णांची गरज सर्वाधिक असते. पण त्यांतले गुंतागुंतीचे उपचार तज्ज्ञांनी स्वतः करावेत आणि प्रशिक्षणार्थींनी शेजारी बसून पाहावेत.

सगळ्यात कमी वेळात सगळ्यात जास्त फळ देणारे प्रशिक्षण तारांचे नाहीच. नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या वरच्या हिरडीवरून, ओठाच्या आतल्या बाजूने बोट फिरवले की येऊ घातलेल्या सुळ्याचा उंचवटा हाताला लागायला हवा. तो लागत नसेल किंवा एकाच बाजूला लागत असेल, तर तज्ज्ञांचे मत आणि गरजेप्रमाणे क्ष-किरण तपासणी वेळेवर घ्यावी. टाळूकडे वळलेला सुळा, दुधाचा सुळा योग्य वेळी काढल्यास पुष्कळदा आपोआप मार्गावर येतो आणि पुढची शस्त्रक्रिया व वर्ष-दोन वर्षांच्या तारा टळू शकतात. ही तपासणी विभागातील प्रत्येक दंतवैद्याला यायला हवी.

प्रश्न : साहाय्यिकेने तार बदलली तर चालेल का?

उत्तर : ते तुमच्याकडील नियमांवर अवलंबून आहे. ब्रिटनमध्ये अशा कामांसाठी स्वतंत्र प्रशिक्षण आणि नोंदणी असलेले कर्मचारी आहेत. तेही दंतवैद्याने लिहून दिलेल्या आराखड्याप्रमाणेच काम करतात. लेखी परवानगी मिळेपर्यंत साहाय्यिकेने साहित्याची मांडणी, निर्जंतुकीकरण, नोंदी, छायाचित्रे आणि रुग्णाला ब्रश कसा करावा हे दाखवणे एवढेच पाहावे. तज्ज्ञ नसलेल्या दिवशी गालाला टोचणाऱ्या तारेच्या टोकावर मेण लावायचे कसे, हे रुग्णालाही तिनेच पहिल्या भेटीत शिकवावे. टोक कापायची वेळ आलीच, तर ते काम हजर असलेल्या दंतवैद्याचे.