चर्चमध्ये फादरांच्या झग्याचे रंग बदलत असतात, ते नवरात्रीच्या नऊ रंगांसारखंच असतं का? त्यांना काही अर्थ असतो का?

नाही हो. नवरात्रीचे रंग वारावर ठरतात, दरवर्षी क्रम बदलतो आणि ते आपण नेसायचे असतात. आमच्यात, म्हणजे कॅथलिकांत, रंग फादरांच्या झग्याला, वेदीच्या कापडाला. लोकांनी काय घालावं याला नियम नाही. नाताळ-ईस्टर आनंदाचे म्हणून पांढरा, आगमनकाळ (नाताळआधीचे आठवडे) आणि उपवासकाळात (ईस्टरआधीचे) जांभळा, बाकी बहुतेक वर्ष हिरवा, आशेचा. जांभळ्याच्या मधे दोनच रविवार गुलाबी चालतो, सण जवळ आला जरा हसा म्हणून, पण कितीतरी पॅरिशमध्ये, म्हणजे स्थानिक चर्चमध्ये, तो झगा नसतोच.

लाल मात्र नीट सांगते, कारण त्यावरून मी लोकांसमोर ऐकून घेतलंय. मी नाशिकरोडला शिवणकाम करते, एका वर्षी गुड फ्रायडेचा लाल झगा माझ्याकडे आला. मेनरोडला दुकानात लाल म्हटल्यावर त्याने शालूवालं लखलखीत कापड पुढे टाकलं, जरीची बुट्टी वगैरे. ते नको, ते नको करत अर्धं दुकान खाली काढायला लावलं तेव्हा कुठे बिनचमकीचं, सुकत आलेल्या रक्तासारखं कापड मिळालं. काठाला जरतार नाही, पाठीवर नुसता क्रूस, तोही त्याच रंगाच्या दोऱ्याने. आणि सजावट कमिटीतले एक काका सगळ्यांदेखत म्हणतात, लाल म्हणजे नवरीचा रंग, प्रभू मेला त्या दिवशी काळाच पाहिजे, तू शिवण्यापुरतं बघ!

अहो काका, तो रक्ताचा लाल आहे. म्हणून झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या) लाल, गुड फ्रायडेला लाल, रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेपायी जीव दिलेल्या संतांच्या सणाला लाल. प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या खास शिष्यांच्या सणांनाही लाल, पण २७ डिसेंबरला संत योहानाला पांढरा, कारण बाकीच्यांसारखा तो मारला गेला नाही असं मानतात. (पेन्टेकॉस्टचा, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या सणाचा लाल वेगळा, तो अग्नीचा.) फादरांनी तोच झगा घातला, काका अजून बोलतात.

आता हेही सांगते, १९७० चं नवं मिस्सा-पुस्तक (मिस्सा म्हणजे आमची मुख्य उपासना) येईपर्यंत गुड फ्रायडेला काळाच असायचा, काकांनी लहानपणी तोच पाहिला असणार. मृतांच्या मिस्सेला काळा आजही चालतो. पण पन्नास वर्षं झाली की! आणि मी कॅथलिकांचं सांगतेय, प्रोटेस्टंटांत काही मंडळ्या रंग पाळतात, काही अजिबात नाही.

बघायचंच असेल तर गुड फ्रायडेच्या विधीला या, फेब्रुवारीतल्या इथल्या नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला नको, त्या गर्दीत झगा सोडा, फादर दिसले तरी खूप. आणि कुठल्या कमिटीत असाल तर कापड कापायच्या आधी बोला, शिवून झाल्यावर माइक घेऊन नाही.